नऊ तारखेची सही

दिनांक : १२/०२/२०२५, वेळ सकाळी ११.१५
अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी घेतलेला जबाब

नाव : हरिचंद्र कोंडाजी भोपी
वय : ६८ वर्षे
धंदा : कीमन, रेल्वे (निवृत्त)
राहणार : खोली नं. ७, जुनी बैठी चाळ, अंबरनाथ पश्चिम. मूळ राहणार बदलापूर गाव.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी काशी तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगी उन्नती लग्न होऊन पनवेलला असते, तिचा रविवारी फोन येतो. मी रेल्वेत चौतीस वर्षे नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षे कीमन होतो. कीमन म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतल्या रुळावरून चालत जाणारा माणूस. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर त्या हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्याचे काम. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार नूतन मॅडम यांनी धंद्यापुढे प्रथम ‘काही नाही’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले.

मला कशासाठी बोलावले ते समजावून सांगितले आहे. सोमवार दि. १० रोजी सकाळी जुन्या सायडिंगच्या बागेत एक इसम बाकावर बेशुद्ध मिळून आला व नंतर दवाखान्यात मयत झाला. त्याच्या खिशात एक वही मिळाली. वहीत अकरा महिन्यांच्या तारखा असून दि. ८ पर्यंत प्रत्येक तारखेपुढे माझी सही आहे. रविवार दि. ९ ची मात्र नाही. ती का नाही, आणि सोमवारी मी त्याच बागेत असून तो माणूस मला कसा दिसला नाही, असे साहेबांनी विचारले आहे. दोन्हीचे उत्तर एकच आहे आणि ते माझ्या भल्याचे नाही. तरी कोणाचा दबाव नसताना सांगतो.

सदर बाग बंद पडलेल्या एका कारखान्याच्या सायडिंगवर केलेली आहे. मुख्य लाइनीपासून फुटून कारखान्यात माल नेणारी ती एकेरी लाइन होती. बंद होईपर्यंत ती माझ्याच हद्दीत होती. पुढे पंधरा-सोळा वर्षे तिथे झाडी वाढली, लोक कचरा टाकत. मागच्या वर्षी जानेवारीत तिची बाग झाली. मध्ये फरशीची वाट आहे आणि दोन्ही बाजूंचे रूळ शोभेला ठेवले आहेत. रुळांना वरपर्यंत करडा ऑईलपेंट फासला आहे. गाडीच्या चाकाने घासून रुळाचा माथा चकचकीत असतो, तिथे रंग कशाला लागतोय. पण रंगाऱ्याला कोण सांगणार. बाकडी आहेत, व्यायामाची यंत्रे आहेत, सकाळी स्पीकरवर भक्तिगीते लावतात. एक फाटक स्टेशनकडे आहे, दुसरे उल्हासनगरच्या अंगाला. मधोमध सिग्नलचा जुना खांब उभा आहे. खांबाच्या पुढे लाइन कारखान्याच्या भिंतीला धरून वळते, त्यामुळे खांबापाशी उभे राहिले तर पलीकडचे काही दिसत नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

बाग उघडल्यापासून मी रोज सकाळी जातो. घरी भिंतींशी किती बोलणार. हातोडा आत नेऊ देत नाहीत म्हणून मी चाव्या बुटाने दाबून बघतो. मार्च महिन्यात असाच बघत असताना खांबापाशी एक इसम उभा होता. माझ्याच वयाचा, किडकिडीत, डोक्याला उन्हाची टोपी. त्याने विचारले, “दादा, रेल्वेत होते काय?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मी पण. कर्जत साइडला.” नाव अनंता सांगितले. मला आनंद झाला. काशी गेल्यापासून मला कोणी रेल्वेचे काही विचारले नव्हते.

मी त्याला आमच्या खात्यातली पेट्रोलिंगची पद्धत सांगितली. पावसाळ्यात रात्री दोन पेट्रोलमन आपापल्या हद्दीतून चालत येतात, हद्द संपते तिथे भेटतात, सह्या होतात आणि दोघे माघारी फिरतात. सही झाली म्हणजे मधली सगळी लाइन कोणाच्या तरी डोळ्याखालून गेली. समोरचा वेळेवर आला नाही तर तिथे उभे राहायचे नाही, परतही यायचे नाही. त्याच्या हद्दीत पुढे चालत जायचे, तो सापडेपर्यंत. कारण तो आला नाही म्हणजे एक तर लाइनीला काही झाले आहे, नाही तर त्याला. हा नियम मी स्वतः अनंताला सांगितला. दोनदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी तो शंभर पानी वही घेऊन आला. तारीख, वेळ, सही असे रकाने आखलेले. आखणी एकदम सरळ. मग आम्ही हद्द वाटून घेतली. स्टेशनकडच्या फाटकापासून खांबापर्यंत माझी, खांबापासून पलीकडच्या फाटकापर्यंत त्याची. कोणी कोणाच्या हद्दीत जायचे नाही. साडेसहाला खांबापाशी यायचे. तो म्हणायचा, “दादा, आपला सेक्शन क्लिअर हाय.” मी म्हणायचो, “माझा पण.” मी वहीत सही करायचो. मग पाच-दहा मिनिटे कठड्यावर बसायचे आणि आपापल्या वाटेने परत. अकरा महिने हे चालले. त्या अकरा महिन्यांत खांबाच्या पलीकडे मी पाऊल टाकले नव्हते.

अकरा महिन्यांत आडनाव, पत्ता कसा विचारला नाही, असे मॅडमनी विचारले. नाही विचारला. ड्यूटीवर घरचे बोलायचे नाही अशी आमच्याकडे रीत होती, असे मी आधी सांगितले. ते अर्धेच खरे आहे. त्याने मला घरचे विचारले असते तर काशीचे बोलावे लागले असते. आणि मी त्याला विचारले असते तर त्याचे खोटे उघडे पडले असते. तो कधीच रेल्वेत नव्हता हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते.

ते कसे कळले, हे साहेबांनी विचारले म्हणून सांगतो. मी त्याला सहज विचारले, दोन रुळांत अंतर किती? तो म्हणाला चार फूट. पाच फूट सहा इंच हे गँगमनच्या बायकोलाही माहीत असते. दुसरे म्हणजे, गाडी येतेय का ते रुळाला कान लावून ऐकायचो, असे तो सांगायचा. असे कान लावत बसलो असतो तर आमच्यातला एकही पेन्शनपर्यंत पोचला नसता. आणि त्याचे हात. हातोड्याचा घट्टा तळव्यात येतो. त्याला घट्टा होता तो अंगठ्याच्या मुळाशी. हा माणूस कात्रीवरचा आहे, एवढे मला समजले. मी बोललो नाही. आपल्याला काय करायचेय, असे म्हणालो. खरे कारण, मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून तो आला नसता. मग मी सकाळी कुठे जाणार होतो?

मी स्वतः मात्र त्याला सगळे खरे सांगत गेलो. माझ्या नोकरीत एका पावसाळ्यात वांगणीच्या पुढे रुळाखालची खडी वाहून गेली होती. पहाटेची मालगाडी येण्याची वेळ झालेली. हातातला दिवा विझला. मी अंगातला लाल बनियन काढून काठीला बांधला आणि उजाडता उजाडता पळत जाऊन गाडी थांबवली. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेला. हे मी काशीला सांगितले होते, आणि काशीनंतर फक्त अनंताला. बढाई मारायची मला सवय नाही.

रविवार दि. ९ रोजी मी खांबापाशी पोचलो तेव्हा अनंता आधीच आला होता. त्याच्याभोवती हास्य क्लबची सात-आठ मंडळी उभी होती, बायामाणसे सगळी. तो त्यांना वांगणीची गोष्ट सांगत होता. बनियन त्याचा, काठी त्याची, पाठीवरून हात फिरला तो त्याच्या. एक बाई म्हणाली, “अहो काका, तुमचा तर सत्कार करायला पाहिजे.” तो हसून मान डोलवत होता. मला पाहिले तशी त्याने गोष्ट तिथेच सोडली.

माझ्या नाकावर राग असतो. काशी म्हणायची, सुंभ जळेल पण तुमचा पीळ काय जायचा नाही. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “दोन रुळांत अंतर किती ते सांग यांना.” त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मी म्हणालो, “नाय ना माहीत? कुठनं माहीत असणार. तू रेल्वेत नव्हताच कधी. दुसऱ्याच्या जन्माचं चोरून खातोस, लाज नाय वाटत?” ती मंडळी हसली. आधी त्यांना गंमत वाटली असावी. अनंताही त्यांच्याबरोबर हसला. मग त्याने खिशातून वही काढून रोजच्यासारखी माझ्यापुढे धरली, पेनाचे टोपण काढून. मी म्हणालो, “बोगस माणसाच्या वहीवर मी सही करत नाय.” आणि माघारी फिरलो. दि. ९ च्या तारखेपुढे सही नाही त्याचे कारण हे आहे. त्यादिवशी मुलीचा फोन आला तो मी उचलला नाही.

सोमवार दि. १० रोजी मी सहा वाजून एकतीस मिनिटांनी खांबापाशी पोचलो. अनंता नव्हता. मी सहा पन्नासपर्यंत थांबलो. सदर इसम ठरल्या ठिकाणी गैरहजर असल्याने मी परत फिरलो. माझी तब्येत त्यावेळी बरी होती, उजाडलेले होते, वाटेत कसलाही अडथळा नव्हता. तो यायचा नाही हे मी धरूनच चाललो होतो. लाजला असेल, लाजू दे, असे मनात म्हणालो. आठ दिवसांनी आपोआप येईल, आपण नमते घ्यायचे नाही. मला त्यावेळी जरा बरेही वाटले. फाटकाबाहेर चहा घेतला, खारी खाल्ली आणि घरी जाऊन झोपलो.

घरी मात्र चैन पडेना. संध्याकाळी मी पेनात नवी रिफिल घातली. दोन दिवसांच्या सह्या एकदम करायच्या आणि विषय संपवायचा, असे ठरवले. माफीचे वगैरे बोलणे मला जमत नाही. सही केली असती म्हणजे त्याला समजले असते.

मंगळवार दि. ११ रोजी मी सव्वासहालाच खांबापाशी गेलो. सात वाजले तरी तो आला नाही. तेव्हा मी पलीकडे गेलो. वळणावरून पुढे झालो की डाव्या हाताला भिंतीलगत तीन बाकडी आहेत. तिथे झाडलोट करणारी बाई होती, तिचे नाव बनूबाई हे मला नंतर कळले. मी विचारले, “टोपीवाले एक गृहस्थ येतात रोज इकडून, ते दिसले का?” ती म्हणाली, “ते बाबा? त्यांना काल नेला ना रिक्षातून. तुम्ही त्यांचे कोण?” मी सांगितले की रोज भेटतो. ती म्हणाली, “मग काल कुठं होते तुम्ही?”

तिने मला जे सांगितले ते असे. सोमवारी ती आठ वाजता तिसऱ्या बाकड्यापाशी आली तेव्हा अनंता बसलेला होता, मान छातीवर. झोप लागली असेल म्हणून तिने त्याच्या पायाभोवतीचा कचरा झाडून घेतला आणि पुढे गेली. साडेआठला परत आली. “बाबा, पाय घ्या वर,” म्हणाली. त्याने घेतले नाहीत. तिने खांद्याला हात लावला तसा तो कलंडला. श्वास चालू होता. तिने फाटकावरच्या प्रीतम नावाच्या वॉचमनला हाक मारली आणि दोघांनी रिक्षा केली. दवाखान्यात अकरा वाजून वीस मिनिटांनी तो गेला, हे मला येथे कळले. हृदयविकार लिहिले आहे.

खांबापासून तिसरे बाकडे एकशे सत्तर पावले आहे. मी काल मोजली. परत येताना पुन्हा मोजली.

वही आज मला दाखवण्यात आली. मी ती ओळखली. सोमवारची तारीख अनंताच्या हाताने लिहिलेली आहे, वेळ मॅडमनी वाचून सांगितली, सहा बारा. म्हणजे तो आपल्या फाटकातून वेळेवर आत आला होता, खांबाकडे निघाला होता आणि वाटेत त्याला बसावे लागले. सहीचा रकाना आखून ठेवलेला आहे. मी सहा पन्नासपर्यंत खांबापाशी होतो तेव्हा तो जिवंत होता, हे साहेबांनी मला सांगितले. मी विचारले, सात वाजता त्याला दवाखान्यात नेले असते तर? साहेब म्हणाले, ते डॉक्टरला विचारा, आणि तेही सांगू शकणार नाहीत. माझा प्रश्न लिहून घ्या असे मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, जबाबात प्रश्न नसतो. मी म्हणालो, तरी लिहा.

त्याच्याबद्दलची बाकी माहिती मला आज येथेच कळली. त्याचे पूर्ण नाव अनंता रामा टेंभे, वय ६६. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये भाड्याच्या खोलीत एकटा राहत होता. जीन्सच्या कारखान्यात एकतीस वर्षे कटिंग मास्टर होता. नजर अधू झाली म्हणून चार वर्षांपूर्वी काम सुटले. त्याच्या मोबाईलमध्ये तीन नंबर मिळाले. एक कारखान्याचे मालक अनीशसेठ यांचा. ते म्हणाले, मास्टर एकदम सीधा आदमी था, पर बोलता कम था. मला त्यांचे बोलणे कळेना. माझ्यापाशी तर तो पाच मिनिटेही गप्प बसत नसे. दुसरा नंबर गावाकडचा पुतण्या समर्थ याचा. बारा वर्षांत भेट नाही, येणे जमणार नाही, तुम्ही तिथेच काय ते उरका, असे त्याने साहेबांना सांगितले आहे. तिसरा नंबर ‘भोपीदादा रेल्वे’ या नावाने आहे. नंबर माझा आहे. मी त्याला कधी तो दिल्याचे आठवत नाही. बागेत येणाऱ्यांचे नाव-नंबर फाटकावरच्या नोंदवहीत लिहून घेतात, तिथून त्याने घेतला असावा. त्याने मला कधी फोन केला नाही.

प्रेत मी ताब्यात घेतो असे मी सांगितले आहे. पुतण्याची हरकत नाही. फॉर्मवर नात्याच्या जागी काय लिहायचे यावर थोडा वेळ गेला. मॅडम म्हणाल्या, ‘परिचित’ लिहू. लिहा म्हणालो. अंत्यविधी आज दुपारी अंबरनाथलाच करणार आहे. उन्नतीला फोन केला आहे, ती येते म्हणाली. चाळीतले दोघे येतील. अनीशसेठ कारखान्यातले चार कारागीर पाठवतो म्हणाले आहेत.

वही माझ्या हातात असताना मी साहेबांना विनंती केली की, दि. ९ ची सही मला आता करू द्यावी. साहेब म्हणाले, वही चौकशीच्या कागदात जमा आहे, तिच्यात आता अक्षरही वाढवता येत नाही. ते कायद्याने बरोबर असेल. वही मॅडमनी पाकिटात घालून वरून लाख लावली. मी बघत होतो.

मी चष्मा घरी विसरलो, त्यामुळे जबाब नूतन मॅडमनी मला सावकाश वाचून ऐकवला. माझे बोलणे सरकारी करून घेतले आहे, ते चालेल. फक्त एक वाक्य दुरुस्त करायचे आहे. सोमवारच्या हकीकतीत ‘सदर इसम ठरल्या ठिकाणी गैरहजर असल्याने मी परत फिरलो’ असे लिहिले आहे. मी तसेच बोललो होतो, मॅडमची चूक नाही. पण ते खोटे आहे. त्या ठिकाणी असे वाचावे की, दि. १० रोजी अनंता टेंभे आपल्या हद्दीत वेळेवर हजर होता. गैरहजर मी होतो.

एवढी दुरुस्ती धरून बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे. ऐकला, समजला, खाली सही करतो.

ह. को. भोपी
कीमन